ओव्हनच्या दारापुरती जागा

ओव्हन तापेनासा झाला म्हणून परवा दुकानात गेलो. आमच्याकडे वर शेगडी आणि खाली ओव्हन असं एकच धूड आहे. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, आता शेगडी ओट्यावर आणि ओव्हन वेगळा, भिंतीत बसवतात. दोघांनी एकदम काम केलं तरी धक्का लागत नाही."

शेजारी उभं असलेलं नवं जोडपं लगेच तसं करून बघायला लागलं. तो खोटं खोटं काहीतरी परतत होता, ती भिंतीतला ओव्हन उघडत होती. दोघांमध्ये चांगली चार हात जागा होती. मला उगीचच त्यांचा राग आला.

आमच्या घरी संध्याकाळचा चहा माझ्याकडे. बायकोची नानकटाई नेमकी तेव्हाच तयार व्हायची. "सरका हो," ती म्हणायची. "उकळी येतेय, तूच थांब," मी म्हणायचो. ती कधीच थांबली नाही. दार थेट माझ्या नडगीवर यायचं. बत्तीस वर्षं आम्ही त्या हातभर जागेसाठी भांडलो. दिवसातलं निम्मं बोलणं तेवढंच होतं, हे ती गेल्यावर कळलं.

"मग धक्का लागतो तोच दाखवा," मी म्हणालो. मुलीला ती गंमत वाटली.

काहीच न घेता घरी आलो. चहा टाकला आणि ओव्हनचं दार पुरतं उघडेल एवढी जागा सोडून कडेला उभा राहिलो. उकळी येईपर्यंत तसाच उभा होतो. कुणी सरका म्हटलं नव्हतं.