कमळीची लवंग

पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सगुणाबाईच्या शेजारची जागा कुणी घेत नव्हतं. जागा तशी चांगली, दिव्याखालची. घडातला फुटका मणी लगेच दिसावा अशी. तरी बाया म्हणायच्या, "नको गं माय, तिथं लवंगेचा वास येतो."

तो वास कमळाबाईचा.

पॅकहाउसचा नियमच होता की खोकणारीला दारातूनच परत पाठवायचं. माल परदेशी जातो. तिकडच्या लोकांना आपली द्राक्षं हवीत, खोकला नको. डोक्याला टोपी घाला, बांगड्या काढा. बांगड्या डब्यात काढून ठेवता येतात, पण खोकला कुठे ठेवायचा? मग बाया गालात लवंग धरायच्या. घसा बधिर होतो, उबळ गिळता येते आणि खाडा पडत नाही.

कमळाबाईनं अशीच लवंग धरून ताप अंगावर काढला. सगुणाबाईच्या निम्म्या वयाची बाई, भरलेली दोन क्रेटं एकदम उचलायची. जेवायच्या सुट्टीत सगुणाबाईच्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची आणि वर म्हणायची, "आक्का, मीठ जरा कमी पडलं." अशी बाई फ्लूनं गेली. छाती भरून आल्यावर दवाखान्यात नेली, तोवर उशीर झाला होता.

त्या साली हंगामाआधी सिस्टर फ्लूची लस घेऊन आली होती. वयस्कर, शुगरवाले, दमेकरी यांना आधी. सगुणाबाईला शुगर, तिनं दंड पुढं केला. कमळाबाई शेजारी उभी राहून हसली. "घ्या टोचून, आक्का. आमी धडधाकट माणसं, आमाला काय व्हतंय." सिस्टरही हसली. ते हसू सगुणाबाईच्या मनातून जाईना. धडधाकट होती ती गेली, आणि मोडकी गाडी अजून रस्त्यावर.

यंदा तिची सून पूजा कामाला लागली, आणि थेट त्याच जागेवर उभी राहिली. "वासाला काय भ्यायचं, आई? वास काय चावतो?"

सिस्टर आली तेव्हा सगुणाबाईनं विचारलं, "बाई, ही समद्यांनीच घ्यावी का नाय?"

"शुगरवाले, दमेकरी, वयस्कर, गरोदर बाया, यांना मी घ्याच म्हणते," सिस्टर म्हणाली. "धडधाकटांनी घेतली तर चांगलं."

"कमळी नको म्हणली तवा तुमी नुसत्या हसला व्हता."

सिस्टरनं पूजाकडं बघितलं. पूजा म्हणाली, "आई, आपल्या शेजारणीनं मागच्या साली घेतली, तरी आडवी झालीच की."

"होतं असं," सिस्टर म्हणाली. "ही लस काही भिंत नाही. नुसती कडी आहे दाराला. कधी चोर कडी काढूनही शिरतो. पण कडी लावलेली बरी."

"माझ्या घरात चोरानं न्यावं असं काय हाय?" पूजा हसत म्हणाली आणि कामाला निघून गेली. सगुणाबाईनं तिला मागून हाक मारली. पण तरण्या सुनेला किती ओढणार?

ऐन हंगामात वास आला.

सगुणाबाई घाबरली नाही. पाहुणी आल्यासारखं वाटलं तिला. "आलीस का, कमळे?" ती घडाकडं बघतच पुटपुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास, आणखी गडद. सुट्टीत तिनं लोणच्याची एक फोड झाकणात काढून ठेवली. पूजानं भाकरीला हात लावला नव्हता. सगुणाबाईला वाटलं, आपल्या लेकाशी, महेशशी भांडली असेल, दोघं नवरा-बायको बघून घेतील. तिचं सगळं ध्यान वासाकडं.

मग एका दुपारी पूजाची कात्री थरथरताना दिसली. पूजानं मान खाली घातली, गळा वरखाली झाला, डोळ्यांत पाणी आलं. अगदी कमळी करायची तसं. पण मेलेलं माणूस खोकला गिळत नाही.

"पूजा, तोंड उघड."

"काम करू द्या ना, आई."

"उघड म्हणते ना."

जिभेवर लवंग होती. सगुणाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागं घेतला. जिवंत लेकरू शेजारी खोकला गिळत होतं, आणि ही मेलेल्या बाईशी गप्पा मारत बसली होती.

"काय झालं, मावशी?" सुपरवायझर राकेश आला.

"माजी सून खोकती," सगुणाबाई सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली. "दोघींचा खाडा मांड, आन् गाडी बघ."

दवाखान्यात पूजाला ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत हे बरं केलंत.

"लस घेतली असती तर हे टळलं असतं का?"

"खात्रीनं नाही सांगता येणार, आजी. पण शक्यता कमी झाली असती."

एवढंच उत्तर मिळालं. ते घेऊन सगुणाबाई उशाशी बसली आणि पूजाचा श्वास ऐकत राहिली. आत गेला की बाहेर येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकायचा.

पूजा घरी आली. पुढल्या दिवाळीनंतर लस टोचून घ्यायला तीच सगळ्यांत पुढं उभी होती. सगुणाबाई सिस्टरच्या खुर्चीमागं उभी राहून पोरींना दामटत होती.

"मावशी, आमी काय म्हाताऱ्या हाय का?"

"व्हायचंय ना म्हातारी? मग घ्या."

हंगाम सुरू झाल्यावर ती रोज सकाळी दारात एकेकीचं तोंड उघडून बघायची. पोरी चिडवायच्या, मावशी दात मोजती. पण लवंग कुणाच्याच तोंडात नसायची.

आणि तरी एका दुपारी, दिव्याखाली, तो वास आला.

सगुणाबाईनं झटकन वळून पाहिलं. पूजानं न सांगता तोंड उघडून दाखवलं. रिकामं होतं. कपाळाला हात लावला, तेही गार.

सगुणाबाईनं आपलं क्रेट थोडं अलीकडं ओढलं.

"जरा सरक गं," ती म्हणाली. "मधी जागा राहू दे."