थेंबाची अट

नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात माझी सगळी नोकरी गळत्या शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. मी फायबरची एक जुनी नाव विकत घेतली, तीही गळकी. जित्याची खोड, दुसरं काय!

नाव घ्यायला कारण होतं. पुसदकडचं बायकोचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. त्यानंतर ती त्या पाण्याच्या काठालाही गेली नाही. गाव होतं त्या जागेवर तिला एकदा न्यावं, असं माझ्या मनात फार होतं. कशीबशी तयार झाली, पण अट घालून. "नावेत पान्याचा एक थेंब जरी दिसला, तर मी वापस. मंग पुन्हा नाव काढू नका." यातलं नाव कोणतं, होडी की विषय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गळती शोधायची माझी पद्धत शास्त्रशुद्ध. अंगणात विटांवर नाव ठेवली आणि नळी लावून आत घोटाभर पाणी भरलं. आतलं पाणी जिथून खाली ठिबकेल, तिथूनच उद्या बाहेरचं आत येणार. ऐन मे महिना, लोक टाक्यांवर झाकणं घालून पाणी राखताहेत, आणि हा शहाणा नाव भरतोय. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "भाऊजी, नाव पान्यात टाकतेत. तुमी पानी नावेत काहून टाकून राह्यले?"

मोटार अडकवायच्या मागच्या फळीचे बोल्ट ठिबकत होते, आणि पुढे दोरी बांधायची कडी. सगळे काढले, भोकं घासून कोरडी केली, सीलंट भरलं, रबरी वॉशर घातले. मग असा जोर लावून आवळले की सीलंट पार बाहेर आलं आणि ठिबकणं पहिल्यासारखंच सुरू. "पाना हाये तो, कुस्ती नाही," बायको म्हणाली. पुन्हा काढले, पुन्हा भरलं, बेताने आवळले, वाळू दिलं. या खेपेला खालच्या विटा कोरड्या ठाक. शेजारणीला मुद्दाम बोलावून मी त्या विटा दाखवल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? बायको भिते म्हणून, न्हाणीघरात म्हाताऱ्यांसाठी लावतात तसा स्टीलचा दांडा आणला आणि तिच्या बसायच्या जागेशी, नावेच्या अंगाला बसवला. ड्रिलने आरपार भोकं पाडली, नटबोल्ट आवळले आणि स्वतःच लोंबकळून पाहिलं. मजबूत होता.

धरणावर दोघं लाइफ जॅकेट घालून नावेत बसलो. मी वल्ही मारत होतो, ती दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. बऱ्याच वेळाने समोरच्या टेकडीकडे पाहून ती म्हणाली, "थांबा. इथंच. खाली आमची विहीर हाये."

तेवढ्यात तिच्या पायाशी ओल दिसली. दांड्याच्या बोल्टांतून पाणी झिरपत होतं. दोघांच्या वजनाने नाव खाली बसली होती आणि ती भोकं पाण्यात गेली होती. त्यांना मी ना सीलंट लावलं होतं ना वॉशर, ना अंगणात पुन्हा पाणी भरून पाहिलं होतं. परक्याच्या बोल्टावर संशय, आपल्या बोल्टावर श्रद्धा!

मी घाईने त्यावर टॉवेल टाकला. "घाम हाये," म्हणालो.

"एवढा?"

मी पाणी उपसायला आणलेलं पातेलं उचललं. धोका नव्हता, पण मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. एवढ्या वर्षांनी ती इथवर आली, आणि मीच माझ्या हाताने तिला माघारी पाठवत होतो. "चाल, वापस जाऊ," मी म्हणालो.

तिने दांडा सोडला. टॉवेल बाजूला सारला, वाकून तळाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली.

"राहू द्या," ती म्हणाली. "माहेरचं पानी हाये. मले भेटाले आलं."

मी पातेलं खाली ठेवलं.