डावभर लोणी

बायको अंथरुणाला खिळली तसा आमच्या गल्लीतला खाटीक दुकानाला कुलूप लावून पायी यात्रेला निघाला. ती बरी व्हावी म्हणून त्याने व्रत घेतलं होतं. देवळापर्यंत चालत जायचं आणि वाटेत मांसच काय, दूध, लोणी, मधही तोंडात घालायचं नाही. सोबतीला धाकटा भाऊ होता.

डोंगर चढून दोघे एका यात्रेकरू-निवासात टेकले. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी त्याच्यासाठी मुद्दाम वेगळी डाळ शिजवली. भुकेपोटी तो चवही न बघता जेवला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती वाळलात हो! चांगलं डावभर लोणी घातलंय मी."

त्याने बाईंना हात जोडले आणि अंगणात जाऊन डोकं धरून बसला.

"आता परत पहिल्यापासून चालायला हवं."

"दादा, तिकडे वहिनीचा जीव टांगणीला लागलाय आणि तू लोण्याचं काय घेऊन बसलास? कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

पण पुन्हा सुरुवात करण्याइतके दिवस तिच्यापाशी उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघे बसने घरी परतले.

तो आत आला तेव्हा शेजारी म्हणून मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिने डोळे उघडले. "अहो, पोहोचलात का तिथे?"

"पोहोचलो. तुझ्या नावाने दिवा लावला."

ती हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

समाधानाने गेली बिचारी, असं सगळे म्हणतात. ते त्याला ऐकवत नाही. तो उठून बाहेर जातो.