गेटबाहेरचा पेपर

शिपायानं गेटला कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरून एक मोटारसायकल भरधाव आली. मागं बसलेली बाई गाडी थांबायच्या आधीच उतरली.

"म्याडम, मोहोळजवळ पंक्चर झाली वो," नवरा म्हणाला. "माढ्यावरनं येतोय. सोडा की."

सरकारी अधिकारी पदांच्या पूर्व परीक्षेचं सेंटर सोलापुरात आमच्या शाळेत होतं. मी मुख्याध्यापिका, म्हणून त्या दिवशी उपकेंद्रप्रमुख. म्हणजे इथं काही चुकलं तर जबाबदारी माझी. पेपर सुरू व्हायला अजून अवकाश होता. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटंही फोडलेली नव्हती. पण रिपोर्टिंग टाइम, म्हणजे आत येण्याची शेवटची वेळ, टळून गेली होती.

मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"सर, एक उमेदवार आत्ताच आलीय. घेऊ का?"

"गेट बंद झालंय ना मॅडम? मग नाही. एकीला घेतलं तर बाकीचे कोर्टात जातील."

तिचं नाव रेश्मा. अंगणवाडी सेविका. मी नकार सांगितला तसा नवरा हात जोडायला लागला. तिनं त्याचे हात खाली केले.

"नियम हाय त्यांचा," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाय, म्याडम."

मला वाटलं, दोघं परत जातील. दुपारच्या सुट्टीत बघितलं तर ती समोरच्या कडुलिंबाखाली बसलेली. पहिला पेपर देऊन आलेल्या एका मुलीकडून तिनं प्रश्नपत्रिका मागून घेतली. दुसऱ्या पेपरची घंटा झाली, तसं तिनं पेन काढलं. मी राऊंडला व्हरांड्यात गेले की ती दिसायची, मान खाली घालून उत्तरांवर खुणा करताना. नवरा लांब गाडीजवळ उभा. शेवटची घंटा झाली आणि तिनं पेन खाली ठेवलं.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करून गाडीत चढवले आणि मी बाहेर गेले.

"कसा होता पेपर?"

"सोपा हुता." ती शाळेकडं बघत राहिली. "माझा नंबर कुटल्या खोलीत हुता वो?"

मी वरच्या मजल्यावरची खिडकी दाखवली. नवऱ्यानं गाडी सुरू केली तरी ती तिकडंच बघत होती.

आता परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेरगावच्या दोन-तीन मुली माझ्या घरी हॉलमध्ये झोपतात. गाडी वाटेत पंक्चर होऊ शकते, एवढंच मी त्या दिवशी शिकले.