लाइन जोडून देणाऱ्या आत्या

अख्ख्या भोपाळात सगळ्यात जास्त बोलणं कुणी ऐकलं असेल, आणि त्यातलं सगळ्यात कमी कुणी बाहेर सांगितलं असेल, तर ते माझ्या बायकोच्या आत्यांनी. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये उभा जन्म कानाला हेडफोन लावून त्यांनी या गावाची लग्नं ठरवली, बदल्या थांबवल्या, बारशांची आमंत्रणं दिली, मयताच्या बातम्या पोचवल्या. "मी नाही हो पोचवल्या, मी फक्त लाइन जोडून दिली," अशी दुरुस्ती त्या दर वेळी करतात. कुणाच्या घरात काय शिजत होतं हे त्यांना ठाऊक असणारच, पण आजपर्यंत त्यांच्या तोंडून एक नाव बाहेर पडलेलं नाही. फार खोदून विचारलं तर म्हणतात, "ते त्यांचं बोलणं होतं, भई. आपलं काय त्यात?"

नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. फोनवर ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की त्या "झालं? ठेवते," म्हणतात आणि खरोखर ठेवतात. आमच्याकडे पाळणा हलणार ही बातमी माझी बायको लाजत लाजत सांगत होती. मुद्द्यावर येईपर्यंत तिसरं मिनिट उलटलं आणि "उरलेलं घरी येऊन सांग," असं ऐकून ती ठेवलेल्या रिसीव्हरसारखी गप्प झाली. माणसांचे चेहरे आत्यांच्या लक्षात राहत नाहीत, आवाज राहतात. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात त्या भाजी बघत नाहीत, भाजीवाल्याची हाक ऐकतात. "याच्या आवाजात आज दम नाही, मेथी कालची आहे," असं म्हणून पुढे जातात, आणि मेथी खरंच कालची निघते. माझ्या लग्नात माझे दोन चुलते, जे एकमेकांशी बारा वर्षं बोलत नव्हते, एकाच पंगतीत आले. आत्या मधल्या पाटावर बसल्या. एकाचं बोलणं दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला, मधल्या शिव्या तेवढ्या गाळून, असं त्या पोचवत राहिल्या. जिलबी येईपर्यंत दोघं समोरासमोर भांडायला लागले होते. आत्या पाट सोडून उठल्या. "जोडून दिलंय. आता मी मधे कशाला?"

अशा बाईच्या यजमानांना ऐकू येऊ नये, हा नशिबाचा विनोद म्हणायचा. त्यांना आम्ही काका म्हणतो. सरकारी कारखान्यात यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान गेले. कानाचं मशीन लावलं की ते शिट्टी मारतं, म्हणून काका ते चष्म्याच्या डबीत ठेवतात. तरी दोघांचं छान चाललं होतं. मग गेल्या मे महिन्यात आत्या किल्ली विसरून बाजारात गेल्या. परत येऊन घंटी वाजवली, दार बडवलं, फोन केला. काका मागच्या खोलीत पेपर वाचत होते. दुपारच्या उन्हात तास-दीड तास उभं राहून आत्या जिन्यातच कोसळल्या. शेजारच्या बाईंनी दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलगा आला. "आता बस झालं. तुम्ही दोघं माझ्याकडे चला," म्हणाला. आत्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. त्या दिवसापासून आत्या बाहेर पडल्या की काका खुर्ची ओढून दारासमोर बसायचे आणि त्या येईपर्यंत दाराकडे नुसतं टक लावून पाहत राहायचे. पेपर नाही, डुलकी नाही. हे शेजारच्या बाईंनी आत्यांना सांगितलं. त्या रात्री आत्या जेवल्या नाहीत आणि सकाळी त्यांनी मला बोलावणं धाडलं.

मला का, तर मी एम. पी. नगरातल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. आत्यांनी तोवर मोबाइलवर व्हिडिओ बघून तळहातावर मावेल असा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवलाही होता. दारावरचं घंटीचं बटण दाबलं की काकांच्या खोलीत लाल दिवा लागावा, स्वयंपाकघरातलं दाबलं की पिवळा. मी म्हटलं, बाजारात तयार मिळतं. "मिळतं. पण दारात मी आहे की स्वयंपाकघरात मी पडलेय, हे ते सांगत नाही," त्या म्हणाल्या. यावर मी बोर्ड हातात घेतला. काम सोपं होतं: प्रोग्राम कॉम्प्युटरवर लिहायचा, यूएसबी केबलनं बोर्डात सोडायचा, आणि बोर्डाचं जे काही म्हणणं असेल ते त्याच केबलनं परत येऊन स्क्रीनवर उमटणार. सोपं म्हणजे, मी मुलांना शिकवतो तेव्हा सोपं.

पहिल्या रविवारी केबल लावली. बोर्डावरचा दिवा लागला, पण कॉम्प्युटर म्हणे, इथे काही जोडलेलंच नाही. मी सगळी भोकं पालटून पाहिली, ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला आणि डॉक्टरच्या चेहऱ्यानं सांगितलं, "आत्या, बोर्ड मेलाय."

"मेला कसा? दिवा तर लागतोय."

"दिवा लागतो म्हणजे फक्त वीज पोचतेय."

"मग तेच तर म्हणतेय मी, जावईबापू. वीज पोचतेय, बोलणं पोचत नाहीये. माणसाला का नावं ठेवता? तार बघा."

तार काकांच्या चार्जिंगच्या बॅटरीबरोबर आलेली होती. आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "अम्मा, डाटा वाली चाहिए या सिर्फ चार्जिंग वाली?" आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याला "डाटा वाली" म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर हळूच विचारलं, "हे तुमच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत का?"

दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटरला बोर्ड दिसला, पण प्रोग्राम जाईना. पोर्ट व्यस्त आहे, असं स्क्रीनवर यायचं. मी घामाघूम. आत्या मागे बसून वाती वळत होत्या. "एंगेज येतंय ना? मग कोणीतरी बोलत असणार."

"आत्या, इथे कोण बोलणार?"

"बघा तर."

पाहिलं. बोर्डाचं म्हणणं ऐकायची जी खिडकी मी मघाशी उघडली होती, ती तशीच मागे उघडी होती आणि तिनं लाइन धरून ठेवली होती. ती बंद केली, आणि प्रोग्राम सुरळीत गेला. "ठेवला त्यानं फोन," आत्या म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

पण कसोटी लागली तिसऱ्या रविवारी. बटण दाबलं की स्क्रीनवर 'दार' असा शब्द यायला हवा होता. येत होते चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी टिंबं. मी प्रोग्राम पुसून नव्यानं लिहायला निघालो. आत्या चष्मा लावून त्या कचऱ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. "एक गृहस्थ ट्रंकवर इतक्या घाईनं बोलायचे की पलीकडच्याला अक्षर कळायचं नाही. दोघंही शुद्ध हिंदी बोलणारे! चूक बोलण्यात नव्हती, चालीत होती. ह्याची चाल आणि तुमची चाल एक आहे का?"

नव्हती. बोर्ड ज्या वेगानं बोलत होता त्याच्या बाराव्या हिश्शाच्या वेगानं माझी खिडकी ऐकत होती. मी यादीतून वेगाचा आकडा बदलला. आत्यांनी बटण दाबलं.

'दार.'

पुन्हा दाबलं. 'दार.' त्यांच्या तोंडून, त्यांच्याही नकळत, निघालं, "बोला." मग त्या उठल्या, काकांना हाताला धरून घेऊन आल्या आणि त्यांचं बोट बटणावर ठेवलं. काकांनी सात-आठ वेळा दाबलं. नंतर दिवे लावताना त्यांनी एका निळ्या दिव्याची भर घालायला लावली. हा कशाचा, मी खुणेनं विचारलं. काका म्हणाले, "'काही काम नाही, नुसतं ये', याचा." आत्या एकदम वातींचा डबा शोधायला आत गेल्या.

दिवाळीला मुलगा यायचा होता. आत्यांनी परीक्षा कडक ठेवली. काकांना घरात एकटं सोडून त्या शेजारच्या बाईंच्या दाराआड उभ्या राहिल्या आणि आधाराला माझं मनगट धरलं. मुलगा जिना चढून आला, बॅग ठेवली, घंटी दाबली. मनगटावर नखं रुतली. दार उघडलं. काका हातात पेपर घेऊनच आले होते, म्हणजे मागच्या खोलीतून. "आलास?" मुलाचा विश्वास बसेना. त्यानं वडिलांना आत पाठवून पुन्हा घंटी दाबली. काका आले. त्यानं तिसऱ्यांदा दाबली. काका ओरडले, "आता आत येतोस, का तिथेच दिवाळी करतोस?"

चार दिवस तो राहिला. खोलीत जाऊन दिवे पाहिले, वायर खिळ्यांनी नीट बसवली, पण पुण्याचं नाव काढलं नाही. जिंकल्यासारखे आम्ही सगळे फराळ खात होतो. पाचव्या दिवशी मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, "जीजाजी, मला वाटलं होतं, ते दिव्यांचं काही चालणार नाही." मग जरा थांबून, "खोली रंगवून घेतली होती मी त्यांच्यासाठी. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या होत्या. आईला सांगू नका." मी मान हलवली. गाडी आली, तो चढला, आणि हात करायला खिडकीशी आलाच नाही.

मी परत आलो तेव्हा आत्या गॅलरीत नरकचतुर्दशीच्या पणत्यांचे डाग घासत होत्या.

"बसला ना नीट? काही म्हणाला?"

"नाही, काही नाही."

त्यांनी घासणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "रडला असेल. लहानपणापासून स्टेशनवरच रडतो." मग पुन्हा फरशीकडे वळून, जणू तिलाच सांगतायत अशा म्हणाल्या, "थंडीत पुण्याला जाऊन राहू दोन महिने. त्याला बरं वाटेल." आत काका पेपर वाचत होते, त्यांना विचारायला त्या उठल्या नाहीत, तशाच उकिडव्या बसून राहिल्या, ओला हात पदराला पुसत.