येळवसेची सुट्टी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर कुणाबद्दल लिहायचा अधिकार मिळत नाही, तरी सांभाळून घ्या. आमच्या शेजारचे अप्पा बोलण्याआधी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकतात. भांडतात कानडीत, हसतात मराठीत.

गावच्या शाळेला स्थानिक सुट्टी एकच उरली होती. अप्पांना ती येळवसेला हवी होती. त्या अमावस्येला आम्ही शेतातच जेवतो, पिकावर आंबील शिंपडतो, आणि अप्पांच्या शेतात हा मान नातीचा. खालच्या गल्लीला सुट्टी उरुसाला हवी होती. बैठकीत बराच वेळ कानडी चाललं. मग टॉवेलानं खांदा बदलला आणि अप्पा मराठीत म्हणाले, "उरुसालाच द्या. ह्यांची बिर्याणी मीबी खातोच की."

वाटेत मी विचारलं, "मग नातीचं काय, अप्पा?"

"तिनं शाळा बुडवायची न्हाई," ते म्हणाले.

येळवसेच्या आदल्या दिवशी ते शेतात पूजेसाठी कडब्याची खोप बांधत होते. मी पळत जाऊन सांगितलं, "खालच्या गल्लीनं हेडमास्तरांना गळ घातली. उद्या सगळी शाळाच तुमच्या शेतात जेवायला यायलीय."

अप्पांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"मग कामून उभारलायस? जा, घरी सांग, आंबिलीला मोठा रांजण काढा म्हणून."