दुपारी एक ते चार, रिकाम्या फ्लॅटमध्ये

घरं विकणाऱ्याला गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. माणूस घर सोडताना कपाट नेतो, पलंग नेतो, देव नेतो आणि गोष्ट तेवढी मागे ठेवून जातो. ती किल्लीबरोबर आमच्याकडे येते. विश्रांतवाडीच्या आमच्या ऑफिसात किल्ल्या टांगायला खिळ्यांची एक फळी होती. ज्या घराची गोष्ट वाईट, त्याची किल्ली सगळ्यात खालच्या खिळ्यावर.

आयटी कंपन्या आल्या तसे पुण्यात गल्लोगल्ली एजंट झाले. चांगले फ्लॅट त्यांनी पटापट उचलले आणि आमच्या वाट्याला खालचा खिळा आला.

ऑफिस जोगळेकर काकांचं. बँकेतून व्हीआरएस घेऊन ते या धंद्यात पडले. मी आधी त्यांची असिस्टंट, मग पार्टनर. काकांचे नियम दोन. पहिला: खालच्या खिळ्यावरचं घर दाखवण्याआधी काका तिथे जाऊन दुपारी एक ते चार झोपणार. चटई, उशी आणि मनगटावर गजराचं घड्याळ. झोप लागली तर घर विकायचं, नाही लागली तर किल्ली मालकाला परत. दुसरा: टोकन घेण्याआधी गिऱ्हाईकाला सगळं सांगायचं. "भूत सांगून विकलं तर ते गिऱ्हाईकाचं," काका म्हणत, "लपवून विकलं तर आपलं."

मी बौद्ध घरातली. आईने बावीस प्रतिज्ञा माझ्याकडून पाढ्यांबरोबर पाठ करून घेतल्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी आपलं झालं तेवढं सांगते.

*

आयटीतला एक मुलगा वन बीएचके बघायला आला. गळ्यात कंपनीचं कार्ड, कानाला मोबाइल. नियमाप्रमाणे मी सांगितलं, "इथे आधीचे मालक बाथरूममध्ये पडून गेले. कळायला दोन दिवस लागले."

तो म्हणाला, "ओके. पार्किंग कव्हर्ड आहे ना?"

घर घेतलं त्याने. सहा महिन्यांनी ऑफिसात आला, चेहरा उतरलेला. "मॅडम, रोज सकाळी सात वाजता बाथरूमची कडी आतून लागते. वीस मिनिटं पाण्याचा आवाज येतो, मग कडी उघडते. माझी कंपनीची बस सव्वासातची आहे. काही करता येईल का?"

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "साडेसहाला उठा."

तो अजून तिथेच राहतो. साडेसहाला उठतो.

*

एक जोडपं म्हणालं, "आम्हाला असं घर दाखवा, जिथे कधीच कोणी गेलेलं नाही."

काका म्हणाले, "मग प्लॉट घ्या."

ते दोघं हसत उठले. दारापर्यंत गेल्यावर काकांनी पुढचं वाक्य टाकलं. "तोही चौकशी करून घ्या."

*

आमचा पेंटर शंकर, वाघोलीच्या पलीकडच्या गावचा. वाईट घरांना रंग तोच देई, कारण बाकीचे अर्ध्यात सोडून पळत. एका फ्लॅटमध्ये मुलांच्या खोलीच्या चौकटीशेजारी पेन्सिलच्या रेघा होत्या, वाढदिवसाला मुलाची उंची मोजतात तशा. पाच रेघा. त्या घरातला मुलगा सहावा वाढदिवस यायच्या आधी तापाने गेला होता. आईबापांना तिथे राहवेना, म्हणून ते घर विकत होते.

शंकरने रेघांवर दोन हात रंग मारला. दुसऱ्या दिवशी त्या परत दिसायला लागल्या. त्याने भिंत घासून पुट्टी भरली, तिसरा हात मारला आणि चौथ्या दिवशी ऑफिसात येऊन उभा राहिला.

"म्याडम, रेघा परत आल्या."

"ओल असेल रे भिंतीला."

"वल न्हाई. पयल्यांदा पाच हुत्या. आता सा हाईत."

त्या दुपारी काका चटई घेऊन गेले. अर्ध्या तासात परत आले, उशी तिथेच विसरून. किल्ली खिळ्याला न लावता टेबलावर ठेवली. मी विचारलं, "झोप नाही लागली?"

"हे घर आपण विकायचं नाही," काका म्हणाले. "तिथे कोणीतरी अजून वाढतंय."

उशी आणायला आमच्यापैकी कोणीच गेलं नाही.

*

सगळीच माणसं भुताला घाबरतात असं समजू नका. एका सभ्य सोसायटीत खून झालेला फ्लॅट होता. मी गिऱ्हाईक आणलं, नियमाप्रमाणे खून सांगितला, त्याने तो चालवूनही घेतला. एनओसीसाठी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला.

"ते खूनबिन झालं ते ठीक आहे हो. पण हे लोक नॉनव्हेज खातात का?"

मग माझ्याकडे वळून, "आणि आपलं आडनाव काय?"

मी सांगितलं. आमच्यापुढे आलेला पाण्याचा ट्रे तसाच आत गेला.

*

आता माझ्या घराचं सांगते.

आई आणि मी वर्षानुवर्षं भाड्याच्या एका खोलीत. मी दिवसभर दुसऱ्यांना घरं दाखवायची आणि संध्याकाळी स्वतःसाठी बघायची. आडनाव सांगितलं की जागा नेमकी कालच गेलेली असायची. आई चिडत नसे. ती दवाखान्यात आया होती, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी भांडी घासायची. तिचा कप सगळीकडे वेगळा, बाहेर खिडकीत पालथा घातलेला. दमा वाढल्यावर तिने काम सोडलं. मला एकच घाई होती. तिने डोळे मिटायच्या आत तिला स्वतःच्या घरात बसवायचं.

तेव्हा कात्रजचा एक फ्लॅट खालच्या खिळ्यावर आला. तिथे एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. मुलगा अमेरिकेत. शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. चार गिऱ्हाइकं गोष्ट ऐकूनच पळाली. मुलाने फोनवर मला आडनाव विचारलं नाही, कधी घेता एवढंच विचारलं.

काका तिथे झोपून आले. "झोप उत्तम लागली," म्हणाले. मग जरा थांबून, "फक्त चारला जाग आली ती आल्याच्या चहाच्या वासाने. सिलेंडर तर कधीच परत गेलाय ना?"

"शेजारचा वास असेल."

"असेल." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सुजाताबाई, आईंना सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. आई घाबरेल म्हणून नाही. आई मेलेल्यांना घाबरत नाही, वॉर्डात तिने कितीतरी जणांचे डोळे मिटले आहेत. पण ती म्हणाली असती, 'मेलेल्या माणसाचंच घर मिळतं होय ग आपल्याला?' ते मला ऐकवलं नसतं. म्हणून मी तिला सांगितलं की बाई मुलाकडे अमेरिकेला गेल्या. शेकडो गिऱ्हाइकांना खरं सांगितलं आणि आपल्या आईशी खोटं बोलले.

कपाटात बाईंचा एक फोटो सापडला, त्यात त्यांच्या चष्म्याला काळी दोरी होती. तो आईच्या नजरेला पडायच्या आत मी मुलाला पाठवून दिला. स्वयंपाकघरात त्यांचे दोन कप राहिले होते. ते चांगले होते म्हणून ठेवले.

राहायला जाऊन महिना झाला असेल. आई खुशीत होती, दमही कमी लागत होता. मला बरं वाटत होतं. एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो.

"तुझ्या त्या बाई आल्या ग अमेरिकेहून," आई म्हणाली.

"कुठल्या बाई?"

"अगं, ज्यांनी घर दिलं त्या. दुपारी येतात, तू ऑफिसात असतेस तेव्हा. चष्म्याला दोरी आहे बघ काळी. फार बोलत नाहीत. मास्तरीण होत्या ना, नजर कडक आहे."

"तुला काही म्हणाल्या?"

"पहिल्या दिवशी आडनाव विचारलं." आईने भाकरीचा तुकडा मोडला. "मी सांगितलं. आता स्वतःच्या घरात बसून कशाला लपवू?"

"मग?"

"मग उठल्या. मला वाटलं, आता जातील. पण आत गेल्या. आलं घालून चहा टाकला. दोघी प्यायलो. निघताना त्यांनीच दोन्ही कप विसळले," आई म्हणाली, "आणि एकाच फळीवर ठेवले."